तुमच्या घरात मत कोण ठरवतं: देव, वडील की कांदा?

सिन्नरकर

विषय चावून चोथा झालेला आहे, माहीत आहे. तरी परवा घरी एक बोलणं झालं म्हणून धागा काढतोय.

आमचे दादा, म्हणजे वडील, माळकरी. वय ऐंशीच्या पुढे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांचं दर्शन कधी चुकलं नाही. आता पाय साथ देत नाहीत म्हणून दिंडीऐवजी एसटी, एवढाच फरक. गेली काही वर्षं ते जय बाबाजी परिवाराच्या जपानुष्ठानालाही बसतात, सगळं नेमाने. त्यामुळे २०२४ ला त्या परिवाराचे शांतिगिरी महाराज नाशिक लोकसभेला अपक्ष उभे राहिले तेव्हा घरात कुणी दादांना काही विचारलंच नाही. ठरलेलंच आहे म्हणून विषय सोडून दिला.

२० मेला त्यांना गाडीत घालून गावी नेलं. आम्ही राहतो सिडकोत, पण दादांनी स्वतःचं नाव गावच्या यादीतून हलवू दिलेलं नाही. केंद्र झेडपीच्या शाळेत. उन्हाने पत्रे तापलेले. दादांनी खोलीबाहेर चपला काढल्या. बंदोबस्ताचा पोलीस म्हणाला, "बाबा, चपला राहू द्या पायात, फरशी पोळतेय." हे म्हणाले, "असू दे." उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेले. मशीन वाजलं. बाहेर आले, चपला शोधल्या, शाईच्या बोटावर फुंकर मारत गाडीत बसले.

मोहदरीचा घाट उतरताना मला राहवलं नाही. विचारलं.

"बाबाजी जपाला. मत तालुक्याला."

बस. पुढे नाशिकरोड येईपर्यंत हरिपाठ. निकाल तुम्हाला माहीत आहे. सिन्नरचे राजाभाऊ वाजे दीड लाखाहून जास्त मतांनी आले आणि महाराजांना मिळाली ४४ हजारांच्या आसपास. अनुष्ठानांची गर्दी मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. दादांसारखे बरेच असणार.

आता परवाची गोष्ट. धाकट्याला अठरा पूर्ण झाली. मोबाईलवर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरत बसला होता. गमतीने आजोबांना म्हणाला, "कोणाला देऊ मत?" दादा म्हणाले, "कोणाला द्यायचं ते तुझं तू बघ. कोणाला नाही द्यायचं ते मी सांगतो." आणि एका पक्षाचं नाव घेतलं. (इथे लिहीत नाही, धागा भरकटेल.)

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की घर, जात, धर्म आपल्याला पक्ष देत नाहीत. 'नाही'ची यादी देतात. ती पाठ असते. उरलेल्यांतून मग रस्ता, कांदा, तालुका, उमेदवाराचा स्वभाव असलं सगळं बघून आपण निवडतो आणि म्हणतो, मी स्वतंत्र विचाराने मत दिलं.

तुमच्याकडे कसं आहे? पक्षाची जाहिरात न करता लिहा.

तर्रीदार

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे मत आई ठरवते आणि वडील ते जाहीर करतात.

गंगेवरचा

चांगला धागा. आम्ही पंचवटीतले, घरात तीर्थोपाध्येपण चालत आलेलं. चोपड्या अजून आहेत. कुठलाही यजमान आला की गाव-आडनाव विचारून त्याच्या सहा-सात पिढ्या काढून दाखवतो. कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी आणल्या, सोबत कोण होतं, सगळं लिहिलेलं. फक्त कुणी कुणाला मत दिलं ते लिहिलेलं नाही, नाहीतर या धाग्याची गरजच पडली नसती.

आमच्याच घरच्या तीन पिढ्या सांगतो. आजोबा काँग्रेसचे, चरखावाले. वडील जनसंघाचे. त्यांचं आणि आजोबांचं जेवताना बोलणं नसे, आई दोघांचे निरोप वाढता वाढता पोचवायची. आणीबाणीत वडील नाशिकरोडच्या तुरुंगात होते. सुटून आले आणि १९७७ ची निवडणूक लागली. नाशिकला काँग्रेसविरोधी उमेदवार कोण? शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे. लाल झेंडा! जन्मभर ज्यांना नावं ठेवली त्या झेंड्यासाठी वडिलांनी पंचवटीत घरोघर फिरून चिठ्ठ्या वाटल्या. हांडे निवडून आले. संध्याकाळची संध्या सोडून वडील निकाल ऐकत रेडिओला कान लावून बसले होते हे मी पाहिलेलं आहे, आणि ते संध्या सोडणारे गृहस्थ नव्हते.

म्हणजे सिन्नरकरांचं म्हणणं पटतं. त्या वर्षी आमच्या घरात 'हो' कुणाला ते महत्त्वाचं नव्हतंच, 'नाही' एवढं मोठं होतं.

काळारामाबद्दल एक. २०२४ च्या १२ जानेवारीला पंतप्रधान मंदिरात येऊन गेले, परिसर झाडला. २२ जानेवारीला उद्धव ठाकरे येऊन महाआरती करून गेले. दहा दिवसांत एकाच गाभाऱ्यासमोर दोन्ही बाजू. आमच्या गल्लीत दोन्ही वेळा रांगोळ्या काढल्या, आणि काढणाऱ्या बायका त्याच होत्या.

नाशिकरोडकर

गंगेवरचा, तुम्ही काळाराम काढलाच आहे तर लिहितो.

त्या दोन्ही दिवशी टीव्ही चालू होता. आमच्या आजीला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. पडद्यावर मंदिराचं दार आलं की ती बोट दाखवायची, "ह्या दारात." तिच्या सासऱ्यांनी २ मार्च १९३० चा सत्याग्रह केलेला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्याबरोबर हजारो माणसं त्या चार दारांशी बसली होती. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, त्यात पणजोबांच्या भुवईवर खोक पडली. ती खूण आजीने पाहिलेली. सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा, आणि १९५६ ला नागपूर.

आता सांगा, आमच्या घरात 'धर्म आणि मत' हा वेगळा प्रश्न कसा असेल? दोन्ही एकाच दारातून आलेत.

पण म्हणून आम्ही डोळे मिटून शिक्का मारत आलो असं नाही. १९५७ ला दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे. निशाणी हत्ती. ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचं, त्यामुळे दादासाहेबांच्या पेटीत ज्यांच्या घरी आम्हाला पाणी वरून वाढत होते अशांचीही मतं पडली. पणजोबा हे सांगून हसायचे म्हणे. "हात लावत नव्हते, पण हत्तीवर बसले."

पुढे रिपब्लिकन पक्षाचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. घरात निळा झेंडा एक, गट चार. २०१९ ला वंचितने नाशिकमध्ये लाखावर मतं घेतली, त्यात आमच्या घरातली दोन होती. दोन नव्हती. वडील आणि काका त्यावरून आठ दिवस बोलत नव्हते. वडिलांचं म्हणणं मत वाया जाईल, काकांचं म्हणणं आपलं माणूस पडलं तरी मत आपलं राहतं. २०२४ ला मात्र संविधानाचा विषय निघाला आणि चारही मतं एका ठिकाणी गेली. बैठक नाही, चर्चा नाही. आजीला घेऊन गेलो तेव्हा तिने विचारलं, "हत्ती आहे का?" आपला नाही म्हटलं. "मग तू म्हणशील ते."

आमची 'नाही'ची यादी कुणी तोंडाने सांगत नाही, कारण ती भुवईवर होती.

तर्रीदार

नाशिकरोडकर, शेवटच्या ओळीला +१०००.

स्पष्टवक्ता

सगळे गोड गोड लिहिताय. खरं बोला. बाकी समाज कांदा बघतो, तालुका बघतो. एकच समाज असा आहे की वरून आदेश आला की गठ्ठ्याने मत पडतं. मालेगाव बघा. तिथे

[पुढील मजकूर काढला आहे. मत मांडा, समाजाला शिवी नको. दुसऱ्यांदा झालं तर खातं बंद. - संपादक]

खटखट मालेगाव

संपादकांनी काढलेला मजकूर मी वाचला होता, वेळेवर ऑनलाइन होतो. असो. मालेगाव बघाच म्हणताय तर दाखवतो.

आमचं घर लूमवाल्यांचं. रात्री लूम बंद पडला तर शांततेने जाग येते अशी वस्ती. अब्बा, चाचा सगळे साथी निहाल अहमद यांना मानायचे. 'साथी' म्हणजे समाजवादी. निहालभाई वर्षानुवर्षं मालेगावचे आमदार होते आणि एकही निवडणूक त्यांनी मजहबी पक्षाकडून लढवली नाही. अब्बा पाच वक्त नमाजी, पण मशिदीतून कुणी इशारा केला तर म्हणायचे, "मौलाना, नमाज तुमच्या मागे. मत माझ्या पुढे." सिन्नरकरांच्या दादांशी त्यांची ओळख करून द्यायला पाहिजे होती.

निहालभाईंनंतर शेख रशीद. मग २००९ ला मुफ्ती इस्माईल. २०१४ ला आसिफ शेख. २०१९ ला परत मुफ्ती. गठ्ठा असता तर दर पाच वर्षांनी आमदार बदलला असता का?

आता २०२४ चे दोन आकडे घ्या. मे महिन्यात धुळे लोकसभा. सहा विधानसभांपैकी पाचांत काँग्रेसच्या शोभा बच्छाव मागे. मतमोजणीत मालेगाव मध्य आलं आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. उमेदवार हिंदू बाई, नाशिकच्या माजी महापौर. त्या दिवशी आमच्याकडे गठ्ठा पडला, होय, कबूल. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात विधानसभा. तीच माणसं, तीच केंद्रं. मुफ्ती आणि आसिफ शेख यांच्यात फरक किती? १६२. एकशेबासष्ट! एका शादीत तेवढे लोक जेवून जातात.

का, ते सांगतो. मेमध्ये लोकांना भीती होती. भीती असली की घर, गल्ली, मसलक (पंथ) सगळं विसरून माणूस एक बटण दाबतो. नोव्हेंबरात समोर दोघंही आपलेच, भीती नाही. मग मोमीन कोण, दखनी कोण, मदरसा कुठला, पॉवरलूमच्या विजेवर कोण भांडलं, कुणी मयतीला आलं आणि कुणी नाही, हे सगळं परत आलं. आमच्या गल्लीत चहाच्या दोन टपऱ्या आहेत, एक यांची आणि एक त्यांची. निवडणुकीत एकमेकांच्या टपरीवर चहा पीत नाही कुणी. ईदला पितात.

स्पष्टवक्ता, गठ्ठा आदेशाने होत नाही. तुमच्यासारख्यांचं ऐकून होतो.

लासलगावची लेक

खटखट, काय लिहिलंय! टाळ्या.

मला एक बाजू मांडायची आहे. इथे सगळे 'घर' म्हणताय, पण कुठलं घर? बाईला दोन असतात. माझं माहेर पक्कं काँग्रेसचं, ओटीवर इंदिराबाईंचा फोटो, त्याला दसऱ्याला झेंडूचा हार. सासरी दाराशी वाघ. लग्न झालं त्या वर्षी मतदान होतं. सासरे सकाळी सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "आपलं ठरलेलं आहे." मी पदर सारखा केला आणि गेले. त्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मी लग्नानंतर पहिल्यांदा एकटी होते. काय केलं ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

तर कांदा. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. दुसऱ्या दिवशी लासलगावला लिलाव बंद पाडले. आमच्या कांदाचाळीत माल होता, उन्हाळ लागवडीची तयारी चालू होती. भाव कसे बसले ते कांदेवाल्यांना सांगायला नको. बंदी उठली मे २०२४ च्या सुरुवातीला, मतदानाला पंधरा-सोळा दिवस राहिले असताना. सासरे गळ्यात माळ घालून, कपाळाला बुक्का लावून ओट्यावर बसलेले. प्रचाराला आलेल्या पोरांनी रामाचं नाव घेतलं. सासरे म्हणाले, "राम आमचाच आहे रे, त्याचं काय सांगतो. चाळीत चल, कांदा दाखवतो."

दिंडोरीला केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले, लाखावर मतांनी. आणि तिथेच दुसऱ्या एका भगरेंना, ज्यांना फार कुणी ओळखत नव्हतं, त्यांनाही लाखावर मतं! कारण एकाची निशाणी 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि दुसऱ्याची नुसती 'तुतारी'. सासूबाई घरी आल्या त्या विजयी मुद्रेने. "दाबली तुतारी."
मी विचारलं, "माणूस होता का सोबत?"
"कुठला माणूस? बाजा होता."
सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. बुक्का बोटांना आला.

म्हणजे बघा, धर्म झाला, घर झालं, कांदा झाला आणि शेवटी मत ठरवलं निशाणीच्या चित्राने.

सुरगाण्याचा मास्तर

लेकीचा किस्सा शाळेत सांगणार आहे.

आमच्या डोंगरातलं कुणी लिहीत नाही म्हणून थोडं. सुरगाणा-कळवणला कोकणा, महादेव कोळी, वारली. चैत्रात वणीच्या गडावर सप्तशृंगीला नारळ, मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचं व्रत, वाघबारसेला वाघदेव. देवाधर्मात आम्ही कुणाला हार जाणार नाही. आणि इथून जे. पी. गावित मार्क्सवादी पक्षाचे सात वेळा आमदार. शहरातले मित्र विचारतात की कम्युनिस्ट देव मानत नाहीत ना, मग कसं? पाड्यावर हा प्रश्न कुणाला पडलेलाच नाही. आमच्या मावशीकडे आढ्याला लाल झेंडा खोचलेला आहे आणि त्याच्याच शेजारी नव्या भाताची कणसं देवासाठी टांगलेली. दोन्ही वर्षाला बदलतात.

इथे घराची शिकवण म्हणजे जमीन. वनखात्याने बाप-आज्याला खळ्यावरून हाकललं, तेव्हा जो झेंडा सोबत उभा राहिला तो झेंडा. वनहक्क कायदा २००६ चा, पट्टे हातात पडायला किती वर्षं गेली ते आम्हाला विचारा. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेल्या लाँग मार्चमध्ये आमच्या पाड्यातल्या बाया होत्या. मुंबईत दहावीची परीक्षा चालू होती, पोरांची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदान गाठलं. मास्तर म्हणून मला याचंच जास्त कौतुक. त्यातल्या एकीचे पाय मी परत आल्यावर पाहिलेत. तळव्याचं कातडं भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं होतं.

आणि तरी २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा गावित पडले, नितीन पवार आले. म्हणजे आढ्याचा झेंडाही कायमचा नाही. पोरं नाशिकला अंबड-सातपूरच्या कंपन्यांत जातात, त्यांच्या मोबाईलमध्ये वेगळं जग आहे. पट्टा मिळालेल्याला आता विहीर पाहिजे, रस्ता पाहिजे. ज्या कारणासाठी बापाने मत दिलं ते कारण मिटलं की पोराचं मत मोकळं होतं.

जाता जाता: घराणं मतदारांचंच बघताय, उमेदवारांचंही बघा. कळवणचे जुने आमदार ए. टी. पवार, त्यांच्या घरात मुलगा नितीन राष्ट्रवादीचा आमदार आणि सून भारती २०२४ पर्यंत भाजपची मंत्री. त्यांच्याकडे जेवताना निरोप कोण पोचवत असेल, गंगेवरचा?

गंगेवरचा

हा हा! मास्तर, तेवढी चोपडी आमच्याकडे नाही.

न्यू जर्सीतला जेलरोडकर

रात्रीचे दोन वाजलेत आणि मी कांद्यावर वाचत बसलोय.

आमच्याकडचं (म्हणजे इकडचं) थोडं. धर्म बघून मत देणं ही आपलीच खासियत आहे असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. १९६० ला केनेडी कॅथलिक म्हणून त्याला ह्यूस्टनला प्रोटेस्टंट धर्मगुरूंपुढे उभं राहून सांगावं लागलं की माझ्या कारभारात पोपचं चालणार नाही. आणि गॅलपच्या हिशेबाने दहातल्या जवळपास आठ कॅथलिकांनी त्याला मत दिलं. २०१६ ला दहातल्या आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी ट्रम्पला दिलं. तीच गोष्ट, फक्त टोप्या बदलल्या.

याहून मजेदार म्हणजे १९४० साली ओहायोतल्या एरी परगण्यात पॉल लाझार्सफेल्ड आणि मंडळींनी केलेली पाहणी. मे ते नोव्हेंबर, त्याच त्याच माणसांना दर महिन्याला जाऊन विचारलं. त्यांना वाटत होतं प्रचाराने मतं कशी फिरतात ते दिसेल. दिसलं उलटंच. बहुतेकांचं आधीच ठरलेलं: घर, चर्च, शेजार, खिसा. आणि ज्यांना दोन बाजूंनी ओढ होती, म्हणजे घर एकीकडे आणि चर्च दुसरीकडे, ते निर्णय शेवटपर्यंत लांबवायचे, नाहीतर मतदानालाच जायचे नाहीत. लासलगावच्या ताई, तुम्ही एरी परगण्यात सापडला असता.

लासलगावची लेक

लांबवते हो, पण न जाता राहत नाही. सासूबाई ओढून नेतात. बाजा दाबायला.

बिनफीचा वकील

चर्चा वाचून कायद्याची पिंक टाकल्याशिवाय राहवत नाही, क्षमस्व.

मतदाराने देव बघून मत द्यावं की जात बघून, यावर कायदा काही म्हणत नाही. ती तुमची मर्जी, पुठ्ठ्यामागची. उमेदवाराने मात्र त्या नावाने मत *मागायचं* नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). यात अडचण अशी होती की 'त्याचा धर्म' म्हणजे कुणाचा? उमेदवाराचा की मतदाराचाही? २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवलं की मतदाराचाही. म्हणजे उमेदवार स्वतः कुठल्याही धर्माचा असो, 'तुमच्या धर्मासाठी मत द्या' हे चालणार नाही. तीन न्यायाधीशांचं म्हणणं वेगळं होतं: ज्या समाजाने जातीमुळे, धर्मामुळे सोसलं त्याला त्या सोसण्याबद्दल बोलूच दिलं नाही तर निवडणुकीत बोलायचं काय? नाशिकरोडकरांचा प्रतिसाद वाचल्यावर मला त्या तिघांची आठवण झाली.

आणि हे कलम कागदावरच आहे असं नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून निवडणूक रद्द झाली, आणि पुढे बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला होता. दुसऱ्यांची मतं फिरवणाऱ्या माणसाला स्वतःचं देता येत नव्हतं.

स्पष्टवक्ता

माझा आधीचा प्रतिसाद रागात होता. खटखट, १६२ चा आकडा मी तपासला. बरोबर आहे. बाकी माझी मतं तीच आहेत.

खटखट मालेगाव

राहू द्या. मालेगावला आलात तर दोन्ही टपऱ्यांवर चहा पाजतो. निवडणूक नसताना या.

गंगेवरचा

लेकीच्या पहिल्या प्रतिसादावरून एक आठवलं. आमच्या जुन्या चोपड्यांत बायकांची नावं कमी. 'अमुकची भार्या', 'तमुकची मातोश्री'. हे तीर्थावरचं झालं. पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना सरकारलाही हेच भेटलं. लाखो बायकांनी, विशेषतः उत्तरेत, परक्या माणसाला नाव सांगायला नकार दिला, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनी ठरवलं की नाव नाही तर यादीत नाही. जवळपास २८ लाख बायकांची नावं गळली. आज जी बाई नवऱ्यालाही न सांगता बटण दाबते तिच्या आज्जेसासूचं कदाचित नावच नसेल.

सिन्नरकर

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फारच पुढे गेला.

गंगेवरच्यांचा हा शेवटचा प्रतिसाद काल रात्री दादांना वाचून दाखवला. ते बराच वेळ माळ फिरवत बसले. मला वाटलं झोप आली. मग बोलले.

७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जात होती. दादाही जात होते, तरणे होते. सिन्नरच्या रानात चारा नाही, विहिरीला तळ, घरात मिलो (परदेशी लाल ज्वारी). कामावर सुकडी मिळायची. आठवड्याचा पगार मस्टरवर. मस्टर ज्या मुकादमाकडे, तो गावातल्या एका पुढाऱ्याचा माणूस. त्याने आजीचं नाव लावलंच नव्हतं. तीन आठवडे. दादांची हजेरी बरोबर, आजीची नाही. विचारायला गेले तर म्हणाला, "म्हातारीचं नाव काय? तू तर आई आई म्हणतो. नाव सांग, लावतो." आणि बसलेले लोक हसले. दादांना आईचं नाव चारचौघांत घेता येईना. तेव्हा नव्हते घेत. ते तसेच परत आले. तीन आठवड्यांचा पगार बुडाला.

पुढारी ज्या पक्षाचा, त्याच पक्षाचं नाव दादांनी नातवाला सांगितलं होतं. मी इतकी वर्षं समजत होतो की त्यामागे जात आहे, किंवा वारकरी म्हणून काही तात्त्विक भानगड आहे. मी स्वतः कॉलेजपासून त्या पक्षाविरुद्ध किती मुद्दे मांडत आलोय. आर्थिक धोरण, अमुक, तमुक.

पोरगं ऐकत होतं. म्हणालं, "आजोबा, तो मुकादम आता गेला असेल की."

दादा म्हणाले, "तो गेला. त्याचा नातू उभा राहतो."

फॉर्म ६ भरून झालाय. नातेवाइकाच्या रकान्यात पोराने आईचं नाव टाकलं, माझं नाही. ते चालतं म्हणे. दादांनी मोबाईल हातात घेऊन, चष्मा वर करून ते नाव दोनदा वाचलं.

तर्रीदार

सिन्नरकर, मुकादमाचं आडनाव विचारणार नाही कुणी, नाहीतर संपादक कुलूप लावतील. पण आजीचं नाव सांगा.

सिन्नरकर

सरूबाई.